यंदा १ तारखेला दाराची कडी काढू या

आई, पप्पा,

आज ३० डिसेंबर २०२५. करंज्यांचा डबा अजून अर्धा भरलेला आहे. दारातली चांदणी तीन राजांच्या सणापर्यंत उतरायची नाही, म्हणजे आपला नाताळ चालूच आहे. पण उद्यापासून घराचा नूर पालटेल, हे मला ठाऊक आहे. पप्पा पाळी सुटली की वाटेत कुठंही न थांबता घरी येतील. आई दोन दिवसांचं दूध-भाजी आणून ठेवेल. आणि १ तारखेला सकाळी दाराला आतून कडी लागेल. गेली सात वर्षं हेच चाललं आहे.

मला त्या कडीबद्दल बोलायचं आहे. समोर बसून बोलायला गेले की आई, तू डोळ्यांना पदर लावतेस आणि पप्पा, तुम्ही उठून अंगणात जाता. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा, एवढंच मागणं.

२०१८ च्या १ जानेवारीला मी नववीत होते. गच्चीवरून सणसवाडीच्या बाजूला धूर दिसत होता आणि पप्पांचा फोन लागत नव्हता. आई जपमाळ हातात घेऊन बसली होती. 'नमो मरिये' म्हणता म्हणता मध्येच थांबायची, रस्त्यावर गाडी वाजली की कान टवकारायची, पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करायची. कोरेगाव भीमाच्या परिसरात दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका तरुण मुलाचा जीव गेला, हे आम्हाला मागाहून कळलं. पप्पा, तुम्ही रात्री साडेअकराला रानारानानं चालत आलात. पायांना काटे होते. तुम्ही पाणी प्यायलात, मला जवळ घेतलंत आणि मग खुर्चीवर चढून भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवलीत. मातमाउलीची शेजारीच होती, ती राहू दिलीत.

तसबीर आतल्या खोलीत, कपाटाच्या मागं गेली. त्यावर आपण आजतागायत एक शब्द बोललेलो नाही.

ती तसबीर आजोबांची. राहात्याहून आपल्याकडे यायचे तेव्हा ३१ च्या संध्याकाळी गावी मिस्सा आटोपून, रात्रीची एसटी धरून, १ ला पहाटे कोरेगाव भीमाच्या स्तंभाशी पोचायचे. खिशात जपमाळ, गळ्यात निळा मफलर. दुपारी आपल्याकडे येऊन चहात करंजी बुडवून खायचे आणि मला स्तंभावरची महार सैनिकांची नावं सांगायचे, ज्यांच्या शेवटी 'नाक' येतं ती. १ जानेवारी १८१८ ची लढाई, १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं आले ती हकिगत, हे सगळं मला शाळेच्या आधी आजोबांकडून कळलं. पप्पा, तुम्ही म्हणता, आता आपण ख्रिस्ती, त्या गर्दीशी आपला काय संबंध? अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या आदेशानं सरकारी कागदावर आपण त्या माणसांपासून वेगळे झालो, हे खरं. आजोबांच्या मनात मात्र कधी झालो नाही. सप्टेंबरात हरेगावची यात्रा आणि जानेवारीत स्तंभ, दोन्हीकडे ते सारख्याच भक्तीनं जायचे.

आणि तारीख तरी बघा. १ जानेवारी हा देवमाता पवित्र मरियेचा सण. पोप सहावे पॉल यांनी १९६८ पासून त्याच दिवशी जागतिक शांती दिन पाळायला सुरुवात केली. यंदाच्या शांती दिनासाठी पोप चौदावे लिओ यांनी जो विषय दिला आहे तो मी चार-पाच वेळा वाचला: नि:शस्त्र शांती, आणि समोरच्यालाही शस्त्र खाली ठेवायला लावणारी शांती. पहिला शब्द लगेच समजला. दुसऱ्यापाशी अडले. समोरच्याला शस्त्र खाली ठेवायला लावायचं ते कसं? आपल्या हातात काहीच नसताना?

मग मला हुरडा आठवला.

ढमढेऱ्यांच्या या तळेगावात आपण भाड्यानं राहायला आलो तेव्हापासून पलीकडचे काका दर थंडीत आपल्याला रानात हुरड्याला बोलवायचे. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. वेळ नदीकडून वारं यायचं आणि आई शालीत गुरफटून बसायची. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी बोलावलं नाही. आपणही त्यांच्या अंगणाकडे पाहणं सोडलं. भांडण झालं नव्हतं, कुणी कुणाला वावगं बोललं नव्हतं. फक्त दोन्ही घरं एकमेकांना घाबरली होती. वर्षभर हे चाललं.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी काकू भिंतीपाशी आल्या. टोपलीत गरम हुरडा, वर फडकं. "पोरीला आवडतो म्हणून आणला," एवढंच म्हणाल्या. आई, तू टोपली घेतलीस आणि तुला रिकामी परत देववेना, म्हणून घरात होत्या तेवढ्या शंकरपाळ्या तिच्यात घातल्यास. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी पप्पा पोटभर जेवले. मला वाटतं, पोप ज्याला समोरच्याला शस्त्र ठेवायला लावणारी शांती म्हणतात ती त्या टोपलीत होती. आधी भिंतीपाशी काकू आल्या. आपली पाळी अजून बाकी आहे.

गेल्या ३१ ला मी पुण्याहून येत होते, तेव्हा बंदोबस्तासाठी नगर रस्त्याची वाहतूक वळवली होती. गाडी हडपसरवरून चौफुला, केडगाव, न्हावरे अशी फिरून आली. केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव लागलं. दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली-बायकांना त्या बाईंनी इथं जागा दिली, आणि एवढ्या जणींना पुरेल की नाही याचा हिशेब आधी केला नाही. रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या. पण दौंड तालुक्यात इतक्या जवळ हे घडलं आणि आपण एकदाही तिथं गेलो नाही, याचं मला वाईट वाटलं. पुढं न्हावऱ्याला गाडी खोळंबली तेव्हा एका आजींनी घरातून कळशी आणून सगळ्या प्रवाशांना पाणी दिलं. कोण कुठला, कशाला चालला, एकालाही विचारलं नाही.

न्हावऱ्याकडून येणाऱ्या गाड्या शिक्रापूरकडे जातात त्या आपल्याच दारावरून. परवा त्यांत स्तंभाकडे निघालेली, लांबून आलेली, रात्रभर जागलेली, कडेवर लेकरं घेतलेली माणसं असतील. मला फार काही करायचं नाही. ओट्यावर पाण्याचा माठ ठेवायचा आहे. उरलेल्या करंज्या ताटात मांडायच्या आहेत. काकूंना मी कालच विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांचा स्टीलचा पिंप मोठा आहे, तोच घेऊ.

तुमची भीती खोटी नाही, पप्पा. तुम्ही त्या रात्री जे पाहिलंत ते मी पाहिलेलं नाही. काही गडबड होते आहे असं वाटलं तर तुम्ही आत बोलवाल तेव्हा मी एका हाकेत येईन, वाद घालणार नाही. पण काही घडलेलंच नसताना, दरवर्षी, आधीपासून दार लावून बसायला आता माझं मन घेत नाही. मिस्सेत शेजारच्याला हात जोडून 'शांती' म्हणते आणि घरी येऊन त्याच्या तोंडावर कडी लावते, हे मला जड जातं. मी बावीस वर्षांची झाले. नव्या वर्षात मला तुमच्याकडून ना मोबाईल हवा, ना ड्रेस. मिस्सा, माठ आणि संध्याकाळी काकांच्या रानात हुरडा, असा एक दिवस हवा आहे. तिघांनी मिळून.

आणि आणखी एक. काल झाडलोट करताना मी कपाट सरकवलं. तसबिरीची काच शाबूत आहे, पुसून ठेवली आहे. मातमाउलीशेजारचा खिळाही अजून भिंतीतच आहे.