डेकच्या आधी टेपचा विचार करा

स्पूल डेक विकणारा आपल्याला दोन्ही चाकं फिरवून दाखवतो, मीटरचे काटे हलताना दाखवतो आणि आपण तिथेच विरघळतो. यंत्र देखणं असतं, यात शंका नाही. पण चाकं फिरणं ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. खरा बिघाड कॅपस्टनच्या वेगात असतो, ब्रेकमध्ये असतो, झिजलेल्या हेडमध्ये असतो, आणि त्याचं मोल टेपेला मोजावं लागतं. आपल्याकडे कितीतरी घरांच्या माळ्यांवर खासगी बैठकींच्या, कीर्तनांच्या, घरगुती समारंभांच्या टेपा अजून पडून आहेत. त्यांची दुसरी प्रत बहुतेक वेळा नसते. डेक बिघडला तर दुरुस्त होईल. टेप ताणली गेली की ते गाणं कायमचं गेलं. म्हणून नवख्या माणसाने डेक घेताना काय पाहावं, हे जरा तपशिलात सांगतो.

माझा डेक जपानी बनावटीचा, पण अमेरिकेत वापरलेला. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं छापलेलं. विक्रेत्याने सोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर दिला आणि ‘आता बिनधास्त लावा’ म्हणून सांगितलं. दुकानातच कोरी टेप चढवून माइकवर माझा आवाज रेकॉर्ड केला आणि लगेच वाजवून दाखवला. आवाज हुबेहूब. घरी एका जुन्या बैठकीची टेप लावली, तर गायकाचा आवाज जड, लय सुस्त आणि तबल्याचा बाज भलताच. टेपेच्या खोक्यावर रेकॉर्ड करणाऱ्याने पट्टी लिहून ठेवली होती: काळी एक. पेटीवर स्वर लावून पाहिला, तर षड्ज खालच्या काळी पाचवर येत होता.

याचं कारण साधं आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. जुन्या घरगुती डेकच्या मोटरी बहुतेक विजेच्या हर्ट्झवर चालतात. त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बनलेला डेक आपल्या ५० हर्ट्झवर एक षष्ठांश हळू फिरतो आणि स्वर साधारण तीन पट्ट्या खाली जातो. दुकानातलं प्रात्यक्षिक मात्र निर्दोष वाटतं, कारण रेकॉर्डिंगही हळू आणि वाजवणंही तितकंच हळू. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. दुसऱ्या यंत्रावर भरलेली टेप लावल्याशिवाय हा दोष कळतच नाही. रेव्हॉक्स ए-७७ सारख्या डेकमध्ये कॅपस्टनचा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सांभाळला जातो, तिथे ही अडचण येत नाही. बाकीच्यांत मोटरवरची पुली बदलावी लागते. माझी पुली शेवटी लेथवर करून घेतली, मोटरचा कपॅसिटरही बदलला. खर्चापेक्षा धावपळच जास्त झाली.

वेग तपासायला कुठलंही महाग उपकरण लागत नाही. एखादी टाकाऊ टेप घ्या. तिच्या मागच्या बाजूला पांढऱ्या पेन्सिलीने दोन खुणा करा, अंतर बरोबर ५७१.५ सेंटीमीटर. सेकंदाला साडेसात इंचाच्या वेगावर पहिली खूण हेडसमोरून गेल्यापासून दुसरी येईपर्यंत ३० सेकंद लागले पाहिजेत, पावणेचार इंचाच्या वेगावर ६०. माझ्या डेकवर ३० च्या जागी ३६ लागत होते.

नंतर ब्रेक. टेप पूर्ण वेगात रिवाइंड करा आणि मध्येच स्टॉप दाबा. दोन्ही चाकं एकदम आणि टेप न ओघळता थांबली पाहिजेत. टेपेचा सैल फास बाहेर पडला किंवा टेपेला हिसका बसला, तर त्या डेकवर मोलाची टेप चढवू नका. जुन्या अ‍ॅसिटेटच्या टेपा अशा हिसक्याने तुटतात, त्या निदान जोडता तरी येतात. पॉलिएस्टरची टेप तुटत नाही, ताणली जाते, आणि ताणलेला भाग पुन्हा सरळ होत नाही. (जोडायला स्प्लाइसिंग टेपच वापरा. सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढेही चिकटवतो.)

तुमच्या टेपा कोणत्या प्रकारच्या आहेत, हे डेक निवडण्याआधी माहीत हवं. पुष्कळ जुन्या घरगुती यंत्रांवर हाफ-ट्रॅक मोनो रेकॉर्डिंग होत असे. अशी टेप नेहमीच्या क्वार्टर-ट्रॅक स्टिरिओ डेकवर लावली, की डाव्या स्पीकरमधून गाणं येतं आणि उजव्यातून दुसऱ्या बाजूचं रेकॉर्डिंग उलटं ऐकू येतं. घाबरू नका, टेप बिघडलेली नाही. उजवा चॅनेल बंद करा आणि डावाच ऐका. पण टेपा हाफ-ट्रॅक स्टिरिओच्या असतील, तर हाफ-ट्रॅक डेकच शोधा.

हेड भिंगाखाली पाहा. तपकिरी थर म्हणजे टेपेचा मळ, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने निघतो. नखाला खाच लागली तर ती झीज, ती पुसून जात नाही. अकाईचे जीएक्स हेड फार कठीण असतात आणि सहसा झिजत नाहीत. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी द्यावेत, असं माझं मत आहे. पिंच रोलरचं रबर कडक किंवा चिकट झालेलं नाही ना, बेल्ट सैल नाहीत ना, हेही पाहा. अकाईच्या काही जुन्या मॉडेलांत वेग बदलायला कॅपस्टनवर एक छोटी नळी बसवावी लागते, ती हमखास हरवलेली असते. वर्षानुवर्षं बंद असलेला डेक थेट प्लगमध्ये घालू नका. मेकॅनिककडून सिरीज बल्बवर लावून घ्या. बल्ब पूर्ण पेटला आणि पेटताच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेत टेपेवर पांढरी बुरशी धरते. तशी टेप वाजवू नका. बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या टेपेवर जाते. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या टेपा वेगळ्या काढा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपा ओलाव्याने चिकट होऊन हेडवर किंचाळतात. त्या भाजून तात्पुरत्या सुधारतात, पण ते जाणकाराचं काम, घरच्या ओव्हनचं नव्हे.

घरात पाच-दहाच टेपा असतील आणि यंत्राची हौस नसेल, तर डेक घेऊच नका. चांगला डेक बाळगणाऱ्या अनुभवी माणसाकडून त्या डिजिटल करून घ्या. हौस असेल तर जरूर घ्या, त्या आवाजाचं सुख मोठं आहे. फक्त लॅमिंग्टन रोडला जा की पुण्याच्या जुन्या बाजारात, खुणा केलेली टेप आणि दुसऱ्या यंत्रावर भरलेली एक साधी टेप पिशवीत असू द्या. विक्रेता ती लावू देत नसेल, तर तो डेक घेऊ नका.