खाऱ्या हवेत जाम झालेले बोल्ट : गॅरेजवाल्या बंधूंसाठी

लोखंड ही अल्लाहची मोठी देणगी आहे. पवित्र कुरआनातील एका सूरहचे नावच 'अल-हदीद' म्हणजे लोखंड असे आहे. हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि ते चिलखते बनवीत, असाही उल्लेख कुरआनात आला आहे. तेव्हा दिवसभर गाडीखाली लोखंडाशी झुंजणाऱ्या कारागिराने आपल्या कामाला हलके समजू नये. मात्र ज्या वस्तूशी काम आहे तिचा स्वभाव ओळखणे ही हुनराची पहिली पायरी आहे.

आमचा धंदा कापडाचा. पण इचलकरंजीचा माल घेऊन गाडी करूळ किंवा फोंडा घाट उतरते तेव्हा आमचा माल आणि ड्रायव्हरचा जीव, दोन्ही चाकामागच्या चार-दोन बोल्टांवर टांगलेले असतात. म्हणून जाणत्या मिस्त्रींकडून समजून घेतलेली माहिती येथे देत आहोत.

बोल्ट जाम का होतो?

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाऊस थांबला तरी हवेतले मीठ लोखंडावर बसलेलेच असते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि गंजाचा वेग वाढवते. मासळी वाहणाऱ्या टेंपोचे हाल तर विचारूच नका. बर्फाचे खारे पाणी वर्षभर चॅसिसवर ठिबकत राहते.

गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधल्या बारीक फटीत तो पाचरीसारखा ठासून बसतो. लोअर आर्मच्या बोल्टाचे दुखणे याहून अवघड आहे. तेथे रबरी बुशच्या आत लोखंडी नळी असते आणि बोल्ट त्या नळीलाच धरतो. नट सहज निघतो, पण बोल्ट फिरवला की नळीही फिरते, रबर पिळवटते आणि बोल्ट तसूभर बाहेर येत नाही.

खारी हवा किती लवकर काम करते याचे उदाहरण मालवणातच घडले. राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. कोसळण्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाने नट-बोल्ट गंजत असल्याचे नौदलाला पत्राने कळविले होते. पडण्याच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली, तिच्यात आम्ही जात नाही. पण नऊ महिन्यांच्या आत गंजाची तक्रार लिहावी लागते, तेथे दहा वर्षे रस्त्यावर असलेल्या गाडीच्या बोल्टाची स्थिती काय असेल, याचा विचार करावा.

काढण्याचा क्रम

पहिली गोष्ट सुरक्षेची. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये. चाकांना दगड लावावेत आणि मजबूत घोडीवर वजन द्यावे. स्प्रिंग दाबलेली असेल तर आर्मला खालून आधार दिल्याशिवाय बोल्ट मोकळा करू नये. डोळ्यांना चष्मा हवाच. गंजाचा कण शागीर्दाच्या डोळ्यात गेला तर त्याची भरपाई कोणत्याही मजुरीत होत नाही.

दुसरी गोष्ट, नट कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. काही गाड्यांत नट चॅसिसला वेल्डिंग केलेला असतो. तेथे चुकीच्या बाजूने जोर लावला तर वेल्डिंग तुटते आणि एका तासाचे काम दोन दिवसांवर जाते. बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत, नाही तर सुटलेला नट अर्ध्या वाटेत पुन्हा अडकतो.

तिसरी गोष्ट तेल. गंज सोडवणारे पातळ तेल आदल्या संध्याकाळी दोन्ही टोकांना मारावे, सकाळी पुन्हा मारावे. तेलाला वेळ दिला तर हाताला कमी कष्ट पडतात.

चौथी गोष्ट पाना. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाच्या कडा मारते, म्हणून सहा कोनी गोटीच घ्यावी. दांडी लांब घ्यावी आणि जोर सावकाश द्यावा. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाब द्यावा, मग सैल करण्याच्या. बोल्टाच्या डोक्यावर हातोड्याचे नेमके ठोके दिले तरी गंजाची पकड ढिली होते. सुटताना 'कट्' असा आवाज आला तर काम होत आहे असे समजावे. पाना रबरासारखा फिरू लागला तर थांबावे, कारण बोल्ट पिळला जात आहे आणि आता तुटणार. नट हलला की अर्धा फेरा सैल, पाव फेरा परत, पुन्हा तेल, असे करीत यावे.

पाचवी गोष्ट आग. उष्णता नटाला द्यावी, बोल्टाला नाही. नट तापून फुगतो आणि पकड सोडतो. परंतु जवळ ब्रेकची नळी, पेट्रोलची टाकी किंवा सीएनजीची लाईन असेल तर ज्योत लावूच नये. फवारलेले तेल पुसल्याशिवायही आग जवळ आणू नये. तापवलेला बोल्ट पुन्हा वापरू नये, त्याची ताकद गेलेली असते.

बोल्ट नळीलाच धरला असेल तर ठोकत बसण्यात अर्थ नाही. बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीतून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापावा. ब्रॅकेटला ब्लेड लागू देऊ नये. बुश आणि बोल्ट दोन्ही नवे घालावेत.

बसवताना

नवा बोल्ट त्याच प्रतीचा घ्यावा. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात, ते ताकदीचे माप आहे. दुकानात मिळणारा साधा मऊ बोल्ट मापाने बसतो, पण घाटात दगा देतो. बोल्टाच्या गुळगुळीत भागावर आणि नळीच्या आत जाम न होऊ देणारे ग्रीस लावावे. आट्यांना मात्र कंपनीने सांगितले असेल तरच लावावे, कारण वंगण लागलेला बोल्ट त्याच जोरात जास्त ताणला जातो. शेवटचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच करावे. चाक लोंबकळत असताना आवळले तर बुशचे रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नंतर अलाइनमेंट तपासून घ्यावी.

व्यवहाराची बाजू

ग्राहकाशी भांडण बहुधा या बोल्टावरूनच होते. तो दोनशेच्या बुशसाठी येतो आणि बिल हजारात जाते. त्याला वाटते मिस्त्रीने लुबाडले. म्हणून काम हाती घेतानाच सांगावे की बोल्ट कापावा लागू शकेल, तसे झाले तर खर्च इतका होईल. तो आकडा कागदावर लिहून द्यावा आणि कापलेला जुना बोल्ट परत द्यावा.

कापलेला बोल्ट मऊ बोल्टाने बदलून वर काळा रंग मारला तर ग्राहकाला ते दिसत नाही. धान्याच्या राशीत हात घातल्यावर प्रेषित (स.) यांच्या बोटांना ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे स्पष्ट केले. आमच्या दुकानात पावसाळ्यात डाग पडलेला तागा असो वा तुमच्या गॅरेजमधला बोल्ट, नियम एकच आहे. गाडी ही ग्राहकाची अमानत आहे आणि तिच्यात त्याची बायकामुले बसणार आहेत.

पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने गाडीचा खालचा भाग धुऊन घेण्याचा सल्ला प्रत्येक ग्राहकाला द्यावा. मासळीच्या टेंपोवाल्याला तो दर आठवड्याला द्यावा. यामुळे तुमचे एखादे काम कमी होईल, पण तो ग्राहक दुसरीकडे जाणार नाही. हलाल रोजीतली बरकत इन्शाअल्लाह अशाच मार्गाने येते.