श्रद्धांजलीची यादी

मनमाड,
सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी

चि. सौ. ताईस,


तुझा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत होतो, त्या घरघरीत धड ऐकूही येईना. एवढं कळलं, की दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या २००० सालच्या दहावीच्या बॅचचा मेळावा आहे आणि ‘श्रद्धांजलीचं तू बघ’ असं तुला सांगून बाकीचे केटरर आणि टी-शर्टांच्या मागे लागलेत. तू म्हणालीस, “पाच मिनिटांचा तर कार्यक्रम आहे मामा, फोटो मागवते आणि फ्लेक्स छापून घेते.” स्टेजवर पाच मिनिटंच जातील, खरं आहे. त्याआधीचं काम मात्र चांगलं महिन्याभराचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी यादीचं. ग्रुपवर ‘आपल्यातलं कोण कोण गेलं, नावं टाका’ असं विचारून यादी करू नकोस. ग्रुपवर असतात ते बरं चाललेले लोक. ज्याचं बरं चाललं नाही तो आधी ग्रुपमधून जातो, मग जगातून, आणि दोन्ही वेळा कुणाला पत्ता नसतो. शिवाय ग्रुपवर अफवा फार. आमच्याकडे एकाला असंच जिवंतपणी घालवलं होतं. नाव-आडनाव सारखं असलेला दुसराच कुणी वारला, कुणीतरी बातमीचं कात्रण टाकलं आणि दुपारपर्यंत हात जोडलेल्यांची रांग लागली. संध्याकाळी त्याचा स्वतःचा मेसेज आला, “दहावा कुठं ठेवलाय? मलाही यायचंय.” आम्ही हसलो, पण त्याची बायको त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याशी बोलली नाही.

तेव्हा शाळेत जा. मुख्याध्यापकांना अर्ज दे आणि जनरल रजिस्टर बघायला माग. हजेरीपटाचं काय होतं सांगता येत नाही, पण जनरल रजिस्टर शाळा जपून ठेवते, कारण दाखल्याची दुय्यम प्रत मागायला माणसं चाळीस वर्षांनीही येतात. त्यातून वर्गातली सगळी नावं उतरवून घे. हाताने उतरव, मोबाइलवर फोटो काढू नकोस. त्या पानावर जात असते, जन्मतारीख असते, सोडून जाण्याचं कारण असतं, आणि ग्रुपवर टाकायची ती वस्तू नव्हे.

नावं उतरवताना दोन गोष्टींकडे लक्ष दे. एक, मुलींकडे. लग्न झाल्यावर आडनाव बदलतं, कुठे कुठे सासरी नावसुद्धा. छापील निधनवार्तेत तुमची मैत्रीण असली तरी तुम्हाला ओळखू येणार नाही. आमच्या वर्गातल्या एकीचं आम्हाला फार वर्षांनी कळलं, तेही तिच्या भावाची गाठ गाडीत पडली म्हणून. पहिल्या बाळंतपणातच गेली होती. तोवर आम्ही सगळे ‘ती तिकडे गुजरातेत असते’ असं खुशाल सांगत होतो. प्रत्येक मुलीच्या माहेरी फोन लाव. माहेर उठून गेलं असेल तर शेजाऱ्यांना विचार.

दुसरी गोष्ट, जे दहावीपर्यंत पोचलेच नाहीत त्यांच्याकडे. ‘दहावीची बॅच’ म्हटलं की बोर्डाला बसलेलेच तेवढे धरले जातात. आमच्या १९७६ च्या बॅचनेही पंचवीस वर्षांनी तेच केलं होतं आणि मी त्यावरून भांडलो होतो. का भांडलो ते सांगतो.

१९७४ च्या मे महिन्यातला रेल्वेचा संप तू पुस्तकात वाचला असशील. जॉर्ज फर्नांडिस, बोनस, आठ तासांची ड्यूटी. ८ मेला सुरू झाला, २७ मेला मागे घेतला. देशासाठी तो वीस दिवसांचा संप होता, पण मनमाड गाव रेल्वेवरच उभं. लोको शेड, यार्ड, पुलांचे गर्डर बनवणारं वर्कशॉप. निम्म्या वर्गाचे वडील या ना त्या खात्यात. आमची आठवीची परीक्षा झालेली, सुट्टी लागलेली. जूनमध्ये शाळा भरली तर वर्गात मोकळ्या जागा. ज्यांच्या वडिलांची नोकरी गेली, त्यांना क्वार्टर सोडावं लागलं होतं. सरांनी पहिल्या दिवशी हजेरी घेताना जुन्याच क्रमाने नावं वाचली, दोन-तीन ठिकाणी थांबले, वर बघितलं आणि पुढं गेले. आठवड्याभरात त्या मुलांची नावं कमी झाली.

त्यात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही. माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याची खासियत अशी, की वर्गात बसून नुसत्या आवाजावरून कुठली गाडी आली ते सांगायचा. तेव्हा मनमाडात मुंबई-भुसावळची मोठी लाइन आणि काचीगुड्याची मीटर गेज अशा दोन्ही होत्या. मीटर गेजच्या इंजिनाची शिट्टी बारीक, एवढं आम्हालाही कळे. पण हा गाडी लेट आहे की वेळेवर, मालगाडी भरलेली आहे की रिकामी, हेही सांगे. भूगोलाच्या सरांकडे घड्याळ नव्हतं असं नाही, तरी ते तास संपायच्या सुमाराला त्यालाच विचारायचे, “काय रे, काचीगुडा आली का?” तो मान वाकडी करून ऐकायचा आणि म्हणायचा, “अजून अंकाईच्या पुढे नाही आली, सर.”

संपानंतर तो येवल्याच्या बाजूला मामाच्या गावी गेला. १९७७ मध्ये जनता सरकार आलं, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेल्या लोकांना परत घेतलं. त्याचे वडील कामावर आले, हाही मनमाडला परतला, पण शाळेत नाही. आम्ही तोवर मॅट्रिक होऊन कॉलेजात. पुढे तोही रेल्वेतच खालच्या जागेवर चिकटला. आम्ही दहावीत असताना, १९७५ मध्ये, पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि नंतर तिच्यानेच नाशिकला अप-डाऊन करताना तो मला स्टेशनवर दिसायचा. हात वर करायचा. बोलणं कमी. आमच्या मेळाव्याचं आमंत्रण मी हट्टाने त्याच्या घरी नेऊन दिलं, पण तो आला नाही. “मी कुठं तुमच्या बॅचचा,” म्हणाला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तो गेला. ते दिवस तुला आठवतात. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. त्या विसात वर्गमित्र कुठून बसणार? दोनेक वर्षांनी त्याच्या मुलाने मला बाजारात गाठलं. “काका, तुम्ही बाबांच्या शाळेत होतात ना?” मी घरी गेलो. मुलाने बाप पाहिलेला तो ड्यूटीवरून येऊन मुकाट जेवणारा, शेवटी शेवटी पिणारा. मी त्याला काचीगुड्याची गोष्ट सांगितली. त्याची आई आत भाकऱ्या करत होती, ती पिठाच्या हातानेच दाराशी आली आणि म्हणाली, “परत सांगा, सर काय विचारायचे?” मी परत सांगितलं. मग ती म्हणाली, “रात्री झोपेत सुद्धा म्हणायचे, मालगाडी आहे, रिकामी आहे. मला वाटायचं बडबडतात.”

म्हणून सांगतो ताई, ही यादी स्टेजसाठी करूच नकोस, घरांसाठी कर. गेलेल्या माणसाची नोकरी, आजार, कर्ज, शेवटचे दिवस हे सगळं घरच्यांजवळ असतं. त्याचं चौदावं-पंधरावं वर्ष मात्र बायको-मुलांनी पाहिलेलं नसतं, आणि आई-वडील हळूहळू राहत नाहीत. ते फक्त वर्गाकडे उरतं. तुम्ही ते स्वतःजवळ ठेवून फ्लेक्सवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ छापाल, तर जे त्यांचं आहे ते त्यांना पोचलंच नाही.

तर प्रत्येक नावासमोर एक खरी आठवण लिहून काढ. तुला नसेल तर त्याच्या बाकावरच्याला विचार. ‘मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांच्या मदतीला धावून जाणारा’ असलं काही नको, ते कुणालाही लागू पडतं. कंपासमध्ये काय ठेवायचा, कुठल्या गणिताला रडला, डबा कुणाबरोबर खायची, कुणाच्या स्वेटरला पुढं एकच बटण होतं, हे हवं. वात्रट होता तर वात्रट लिही. मग मेळाव्याच्या आधी त्या त्या घरी जा. फोन करून जा आणि नळाला पाणी यायचा दिवस टाळ. मनमाडच्या माणसाला हे सांगायला नको खरं, पण तू कल्याणला राहून रोजच्या पाण्याला सोकावलीस. पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं त्या काळात त्या दिवशी कुणी पाहुणा दारात उभा राहिलेला आपल्यालाही सहन व्हायचा नाही.

घरी गेलीस की फोटोसाठी परवानगी माग. हार घालू का, दिवा लावू का, तेही विचार. तुमच्या वर्गात गुरुद्वाऱ्याकडची मुलं होती, मुसलमान होती, रेल्वे कॉलनीतली ख्रिस्ती होती. सगळ्यांनाच फोटोला हार चालतो असं नाही.

मृत्यूचं कारण मात्र स्टेजवर उच्चारायचं नाही. कुणी विष घेतलं, कुणाचं लिव्हर गेलं, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. माणूस कसा मेला हे एकदा पुढं आलं की तो कसा होता ते मागं पडतं. आपल्या पानेवाडीजवळचं २५ जानेवारी २०११ चं प्रकरण बघ. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्यांनी भरदिवसा जाळून मारलं. त्या दिवशी देशभर मनमाडचं नाव गेलं. आज कुणालाही विचार, ‘जाळलं ते अधिकारी’ एवढंच सांगेल. पण त्यांचाही कुठंतरी एक वर्ग असणारच, आणि त्या वर्गात ते ‘जाळलं ते’ नसणार. निदान तुमच्या वर्गाने तुमच्या माणसांपुरतं तरी हे सांभाळावं.

आणखी एक, तुला आवडणार नाही पण सांगतो. गेलेल्या मित्राच्या बायकोला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ द्यायचा घाट कुणी घातला तर मोडून काढ. मदत करायची तर पाकीट घरी नेऊन द्या, दोघांनी जाऊन, आणि ग्रुपवर हिशेब टाकू नका. दुपारी बायकांचं हळदीकुंकू ठेवलंय असं तू म्हणालीस. ठेवलंच असेल तर ज्यांचे नवरे गेलेत त्या मैत्रिणींना आधी लावा, नाहीतर ठेवू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडसारख्या गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. शिकल्या-सवरल्या बॅचला तेवढं जमायला हरकत नाही.

आता त्या पाच मिनिटांचं. निवेदकाच्या हाती कागद देऊ नकोस. त्यांना एकदा माइक मिळाला की शेरोशायरी सुरू होते. तू स्वतः वाच. आडनावांच्या जोडीला वर्गात हाक मारायचात ते नाव घे, हजेरीच्या क्रमाने, शाळा मध्येच सोडलेल्यांसकट. मागे बासरीची रेकॉर्ड नको. मग मौन. पूर्वी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता भोंगा झाला की आम्ही वर्गात दोन मिनिटं उभे राहायचो आणि हमखास कुणाला तरी हसू फुटायचं, मग ते बाकाबाकावरून पसरत जायचं. तुमच्या मौनातही कुणी हसलं तर रागावू नकोस. यादीतलंच कुणीतरी आठवलं असेल.

उद्या मी तर्पण करीन. महालयाच्या तर्पणात आपले वाडवडील, आजोळचे, सासरचे झाले की शेवटी गुरू, शिष्य आणि आप्त यांनाही पाणी देतात. गुरुजी घाईत असले की तिथून भराभर पुढं सरकतात. मी त्यांना थांबवतो आणि वर्गातली नावं घेतो. पहिल्यांदा त्यांनी गोत्र विचारलं. मला कुठं माहीत? “मग काश्यप म्हणा,” म्हणाले, “गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप चालतं.” माझ्या नावांमध्ये एक अन्सारी आहे. त्यालाही काश्यप म्हणून पाणी दिलं, तेव्हा गुरुजींनी माझ्याकडे बघितलं होतं. आता बघत नाहीत. हे माझं घरातलं झालं. तू स्टेजवर असलं काही करू नकोस.

दसऱ्यानंतरच्या शनिवार-रविवारी ये. शुक्रवारी संध्याकाळची पंचवटी कल्याणला पकड, मी स्टेशनवर येतो. तुमच्या वर्गातला रेल्वे कॉलनीतला जो मुलगा गेला, त्याची आई अजून आहे, मी परवाच चौकशी केली. त्यांच्याकडे आपण दोघं जाऊ. कानाने कमी ऐकतात, डाव्या बाजूला बसून मोठ्याने बोलावं लागतं. येताना वर्गाचा जुना ग्रुप फोटो असेल तर त्याची मोठी प्रत काढून आण. त्यांचे डोळे चांगले आहेत.

मामीचा आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा
मामा