१९२२ चा नियम आणि आजचे देयक

प्रश्न : माझे वडील टपाल खात्यातून निवृत्त झाले, मुलगी महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आहे. अडकलेले प्रवास भत्ता देयक आणि त्रुटी काढून परत आलेली वैद्यकीय प्रतिपूर्ती, हे दोन विषय आमच्या घरात कायम असतात. वडील म्हणतात, हे नियम इंग्रजांच्या काळातले आहेत. खरे आहे का? असेल तर इतक्या वर्षांत ते बदलले का नाहीत? आणि निवृत्तांना सल्लागार म्हणून परत घेतात, त्यांचे मानधन कसे ठरते?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : वडिलांचे म्हणणे खरे आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचा प्रवास भत्ता आजही ज्या पूरक नियमांखाली मंजूर होतो, ते मूलभूत नियमांसोबत १ जानेवारी १९२२ ला लागू झाले. आस्थापना शाखेत ‘एफआर-एसआर’ म्हणतात ते हेच. त्या काळचा साहेब जिल्ह्यात फिरायचा तो तंबू, खुर्च्या, भांडीकुंडी सोबत घेऊन. म्हणून या नियमांच्या व्याख्यांमध्ये छावणीचे सामान म्हणजे काय आणि ते वाहून नेण्याची साधने म्हणजे काय, हे तपशिलाने सांगितले आहे. मुख्यालयापासून पाच मैलांच्या आत गेलात तर दैनिक भत्ता नाही, अशी अट होती. पुढे पाच मैलांचे आठ किलोमीटर झाले. अट तीच राहिली.

वैद्यकीय नियमांचेही तसेच. केंद्राचे वैद्यकीय परिचर्या नियम १९४४ चे आहेत. दिल्लीत १९५४ मध्ये केंद्र सरकार आरोग्य योजना सुरू झाली, नंतर ती मुंबई, नागपूर, पुणे अशी पसरली. पण जिथे ती पोचली नाही तिथल्या सेवेतल्या कर्मचाऱ्याला १९४४ चेच नियम लागू होतात. आपल्या राज्याचे वैद्यकीय देखभालीचे नियम १९६१ चे आहेत.

आता ‘बदलले का नाहीत’ हा प्रश्न. स्वातंत्र्यानंतर जुने सेवानियम एकदम रद्द केले असते, तर दुसऱ्या दिवशी पगार कोणत्या आधाराने काढायचा हा पेच पडला असता. म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद ३१३ ने ते चालू ठेवले, आणि संसद किंवा विधिमंडळ कायदा करीपर्यंत राष्ट्रपतींनी व राज्यपालांनी नियम करावेत अशी सोय अनुच्छेद ३०९ ने केली. त्यामुळे व्यवहारात बदल होतो तो दिल्लीत कार्यालयीन ज्ञापनाने आणि मंत्रालयात शासन निर्णयाने. सभागृहात चर्चा लागत नाही, एका पत्रकाने दर बदलतो. याची सोय मोठी आहे, पण किंमतही मोठी आहे. मूळ मजकूर तसाच राहतो आणि त्याच्यावर शेकडो आदेश साचत जातात. देयक तपासणाऱ्या लिपिकाला आज चालू असलेला आदेश कोणता, हे चेन्नईच्या ‘स्वामी’ प्रकाशनाच्या जाड संकलनात शोधावे लागते. तो उगाच त्रुटी काढतो असे आपल्याला वाटते. पुष्कळदा, चुकीचा आदेश लावला तर वसुली आपल्यावर येईल, ही त्याची भीती असते, आणि ती खोटी नसते.

तरीही, नियम शंभर वर्षांचा आहे एवढ्यावरून तो टाकाऊ ठरवू नये असे मला वाटते. सरकारी कामासाठी फिरणाऱ्याचा खर्च सरकारने द्यावा, हे तत्त्व १९२२ मध्ये योग्य होते, आजही आहे. नियम शिळा होतो तो त्यात लिहिलेल्या रुपयांच्या आकड्यामुळे आणि त्यात बांधलेल्या यादीमुळे. महागाई आकड्याला मागे टाकते, आणि यादी करणाऱ्याला पुढे काय येणार हे माहीत नसते.

वडिलांना सायकल भत्ता आठवत असेल. सातव्या वेतन आयोगाने १९६ भत्ते तपासले, त्यांपैकी ५२ बंद करावेत आणि ३६ दुसऱ्या भत्त्यांत विलीन करावेत असे सुचवले. सायकल भत्ताही जाणार होता. सरकारने २०१७ मध्ये तो पोस्टमन आणि रेल्वेच्या ट्रॅकमनसाठी राखला आणि महिना ९० चे १८० रुपये केले. सायकलवर टपाल वाटणारी माणसे अजून आहेत, म्हणून तो राखला हे बरेच झाले. पण १८० रुपयांत महिनाभर पंक्चर, टायर, ब्रेक भागतात का, हे ठरवणाऱ्यांनी एखाद्या सायकल दुकानात विचारायला हवे होते.

त्याच वर्षीच्या आदेशात दौऱ्यावरील मुक्कामाच्या खर्चाच्या मर्यादा ठरल्या. चौदाव्या आणि वरच्या वेतनस्तरासाठी हॉटेलचे दिवसाला ७,५०० रुपये. पाचव्या आणि खालच्या स्तरासाठी ४५०. जेवणाचे अनुक्रमे १,२०० आणि ५००. गाव मुंबई असो वा धाराशिव, आकडा तोच. जेवणातला फरक एकवेळ समजून घेता येईल, पण खोलीच्या मर्यादेत सोळा पटींहून जास्त अंतर मला कोणत्याही तर्काने पटत नाही. लॉजवाला पाहुण्याचा वेतनस्तर विचारत नाही. मुंबईत ४५० रुपयांत स्वच्छ खोली मिळत नाही, मग कर्मचारी नातेवाइकाकडे झोपतो किंवा खिशातले घालतो.

या आदेशात दोन गोष्टी मात्र फार चांगल्या आहेत. आठव्या आणि खालच्या स्तराच्या कर्मचाऱ्याला या मर्यादेपर्यंत पावतीशिवाय, स्वतःच्या प्रमाणपत्रावर पैसे मिळू शकतात. शासनाने लहान माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की या मर्यादा आपोआप २५ टक्क्यांनी वाढतात. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला आणि नवे पत्र, नवे आंदोलन न लागता वाढ झाली. ४५० चे ५६२.५० झाले, म्हणजे पुरेसे झाले असे नाही. पण आकडा हलायला शिकला. वडिलांचे प्रवास देयक असते, तर मी त्यांना आणखी एक सांगितले असते : केंद्रात दौऱ्याचा दावा करण्याची मुदत २०१८ मध्ये वर्षावरून ६० दिवसांवर आणली आहे.

हा आपोआप हलणारा आकडा सगळीकडे का नाही, हे मला कळत नाही. आरोग्य योजनेच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या केंद्राच्या निवृत्तांना बाह्यरुग्ण उपचारासाठी स्थिर वैद्यकीय भत्ता मिळतो. १९९७ मध्ये तो महिना १०० रुपये होता. २००८ मध्ये ३००, २०१४ मध्ये ५००, २०१७ मध्ये १,०००. प्रत्येक वेळी निवृत्तांच्या संघटनांना वर्षानुवर्षे निवेदने द्यावी लागली. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची किंमत मात्र निवेदनाची वाट पाहत नाही. आरोग्य योजनेत तज्ज्ञाच्या तपासणीचे शुल्क १५० रुपयांवर इतकी वर्षे थांबले होते की २०२३ मध्ये ते थेट ३५० करावे लागले. दर इतका खाली राहिला की रुग्णालय योजनेचे कार्ड पाहून टाळाटाळ करते, आणि त्रास होतो तो दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला.

मुलीचे देयक परत आले ते बहुधा यादीमुळे. खासगी रुग्णालयातल्या उपचारांसाठी राज्यात ‘२७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजार’ ही यादी प्रमाण मानतात. देयक जिल्हा शल्य चिकित्सकांकडून तपासून यावे लागते. यादीत आजाराचे नाव नसेल तर फाइल अडते. कोविडची साथ आली तेव्हा त्याचे नाव यादीत असणे शक्यच नव्हते. ते शासन निर्णय काढून घालावे लागले. रुग्णालयांच्या यादीचेही तेच : रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाला जवळचे रुग्णालय यादीवर आहे का हे पाहायला कुणी सांगू नये.

न्यायालयाने हे वेळोवेळी सांगितले आहे. सुरजितसिंग प्रकरणात, १९९६ मध्ये, इंग्लंडमध्ये हृदयशस्त्रक्रिया करून घ्यावी लागलेल्या पंजाबच्या कर्मचाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एस्कॉर्ट्स रुग्णालयाच्या दराने रक्कम देववली. दोनच वर्षांनी रामलुभाया बग्गा प्रकरणात त्याच न्यायालयाने, राज्याला आपली तिजोरी पाहून दर ठरवता येतात, असेही म्हटले. २०१८ च्या शिवकांत झा निकालात मात्र स्पष्ट सांगितले की, रुग्णालय यादीवर नव्हते एवढ्याच कारणाने दावा नाकारता येणार नाही. उपचार खरोखर झाले का, त्याचे पुरावे आहेत का, हे पाहावे. हा निकाल केंद्राच्या योजनेतल्या निवृत्ताचा होता. तरी मुलीने अपिलाच्या अर्जाला त्याची प्रत जरूर जोडावी, आणि तातडी होती असे डॉक्टरांचे प्रमाणपत्रही.

राहिले सल्लागार. निवृत्त कर्मचाऱ्याला पुन्हा घेताना केंद्राने डिसेंबर २०२० पासून सूत्र ठेवले आहे : शेवटचे मूळ वेतन वजा मूळ निवृत्तिवेतन. शेवटचे वेतन ८०,००० आणि निवृत्तिवेतन ४०,००० असेल, तर मानधन ४०,०००. त्यावर वेतनवाढ नाही, महागाई भत्ता नाही, आणि निवृत्तीच्या वयानंतर कमाल पाच वर्षे. मनमानीला आळा बसला हे चांगले झाले. पण सूत्र माणसाचे जुने पद मोजते, काम मोजत नाही. तालुक्याचा प्रत्येक जुना नकाशा वाचता येणारा निवृत्त भूकरमापक आणि कार्यालयात नुसता बसलेला वरिष्ठ, यांत दुसऱ्याला जास्त मिळते. बाहेरच्या संस्था घ्यायच्या तर २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे निविदा निघतात आणि तिथे किंमत बाजार ठरवतो.

आठवा वेतन आयोग न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला आहे. निवृत्तांच्या संघटनेतर्फे वडिलांना काही मागायचे असेल, तर स्थिर वैद्यकीय भत्ता महागाई भत्त्याला जोडा, एवढे एकच मागावे. राज्याची आजारांची यादी बदलावी म्हणून मुलीने आपल्या कर्मचारी संघटनेमार्फत सार्वजनिक आरोग्य विभागाला लिहावे.