जपानी ‘शिमाउ’ आणि मराठीतील ‘टाकणे’, ‘बसणे’
जपानीतील ‘शिमाउ’ या क्रियापदाचा मूळ अर्थ वस्तू आवरून ठेवणे असा आहे. ‘मिसे ओ शिमाउ’ म्हणजे दुकान आवरणे. दुसऱ्या क्रियापदाच्या ‘ते’-रूपापुढे आले म्हणजे मात्र ते साहाय्यक होते. तेथे ‘पूर्णपणे करणे’ एवढाच अर्थ घेतला की घोटाळा होतो. ‘होन ओ योन्दे शिमात्ता’ म्हणजे ‘पुस्तक वाचून टाकले’, हे ठीक. पण ‘याकुसोकु ओ वासुरेते शिमात्ता’ म्हणणारा विस्मरणाची पूर्णता सांगत नसतो. तो ओशाळलेला असतो: ‘दिलेला शब्द विसरून बसलो’. ‘ताबेते शिमात्ता’ हे तर प्रसंगानुसार ‘खाऊन टाकले’ किंवा ‘खाऊन बसलो’, काहीही होऊ शकते. मराठी जेथे दोन क्रियापदे योजते तेथे जपानीला एक पुरते. भेद संदर्भावर व स्वरावर सोपविलेला असतो.

काशी हिंदू विश्वविद्यालयात जपानी शिकणाऱ्या, दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडील मराठी घरांतल्या विद्यार्थ्याला हिंदीचा आधार घेण्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. ‘खा डाला’, ‘कर बैठा’ यांत या अर्थच्छटा आहेतच. परंतु हिंदीत आधीचा धातू प्रत्ययावाचून येतो. मराठीत ‘खाऊन’, ‘विसरून’ असे धातुसाधित येते, आणि जपानी ‘ते’-रूपाचे कार्य पुष्कळसे तेच. ‘ताबेते मिरु’ म्हणजे ‘खाऊन बघणे’, ‘काइते ओकु’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’; येथे शब्दाला शब्द जुळतो. घरची मराठी वर्गाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. ‘शिमाउ’पाशी मात्र ही जुळणी अडते, कारण मराठीतील ‘आवरणे’ असे साहाय्यक झालेले नाही.