मामांची नवी स्कूटर

मामा पुण्यात घरोघर दूध घालतात. त्यांनी नवी स्कूटर घेतली. पहिल्याच दिवशी ते रागावून घरी आले.

“पोरी, गाडी बिघडकी निघाली. लाल दिव्यापाशी थांबलो, की इंजिन आपोआप बंद पडतं!”

भाची मोटार दुरुस्तीचे काम शिकत होती. ती हसली.

“मामा, गाडी चांगली आहे. तुम्ही थांबलात, की थोड्या सेकंदांनी ती इंजिन बंद करते. रेस दिली, की लगेच चालू होते.”

“पण पुन्हा चालू करायला जास्त पेट्रोल लागतं ना? मी ते बटणच बंद करून टाकलं.”

“नाही मामा. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल, तर इंजिन बंद केलेलंच बरं. हिशेब करा. वाटेवर सहा सिग्नल. जाताना-येताना प्रत्येक ठिकाणी एक मिनिट थांबलात. रोजची बारा मिनिटं झाली. महिन्याची किती?”

मामांनी बोटे मोजली. “सहा तास!”

“सहा तास गाडी जागच्या जागी पेट्रोल पिते. एक लिटर पेट्रोल जळलं, की सुमारे २.३ किलो कार्बन डायॉक्साइड वायू होतो.”

“लिटरभर पेट्रोल किलोभरसुद्धा भरत नाही. मग वायू दोन किलोंच्या वर कसा?”

“जळताना त्यात हवेतला प्राणवायू मिसळतो. त्याचं वजन वाढतं. या वायूनं पृथ्वी तापते. धुरात विषारी वायूही असतात. ते छातीत जातात.”

मामा गप्प झाले. त्यांना चौकातली गजरेवाली आठवली. आपण मिनिटभर थांबून निघून जातो. ती मूल कडेवर घेऊन दिवसभर त्याच धुरात फिरते.

“थांबावंच लागलं नाही तर?” त्यांनी विचारले.

“ते सर्वांत चांगलं. थांबलेली गाडी पुन्हा वेगात आणायला पुष्कळ इंधन जळतं. म्हणून काही गाड्यांना सिग्नलची खबर मिळते. ऑडी कंपनीनं २०१६ साली अमेरिकेतल्या लास वेगास शहरात ही सोय सुरू केली. हिरवा दिवा लागायला किती सेकंद उरले, ते चालकाला समोर दिसतं. २०१९ साली जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहरात गाडी वेगही सांगू लागली. त्या वेगानं गेलं, की पुढचा दिवा हिरवा मिळतो.”

“आपल्याकडे?”

“पुष्कळ चौकांत सेकंदांचे आकडे खांबावरच दिसतात. ते वाचायचे. दिवा गाठायला गाडी पळवायची मात्र नाही.”

दुसऱ्या दिवशी मामांनी बटण चालू केले. चौकात लाल दिवा लागला. त्यांनी आकडा वाचला : ५५. इंजिन शांत झाले. शेजारच्या रिक्षावाल्याला ते म्हणाले, “भाऊ, अजून वेळ आहे. बंद करा की!”

सांगा पाहू
१. मामांनी बटण का बंद केले होते?
२. तुमच्या वाटेवर किती सिग्नल आहेत? महिन्याचा हिशेब करा.
३. चौकातला धूर सर्वांत जास्त कोणाला लागतो?