भेटीच्या वहीतली आई

नवजात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या बाळाचे आईवडील हे तेथे भेटीला येणारे नातेवाईक नसून बाळावर चाललेल्या उपचाराचाच भाग असतात, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने कधीच मान्य केलेली असली तरी अनेक रुग्णालयांच्या काचेच्या दारापाशी ती अडून राहते. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने याची किंमत मोजली आहे. ती इतरांना मोजावी लागू नये आणि त्या दिवसांत पालकांवर ठेवला गेलेला एक ठपका पुसला जावा, या दोन्ही हेतूंनी हे लेखन केले आहे.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. लेखकाची मुलगी गडचांदूर येथे ३२व्या आठवड्यात जन्मली, तेव्हा तिचे वजन १,४६० ग्रॅम होते. शासकीय निकषानुसार ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेले किंवा १,८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ विशेष नवजात काळजी कक्षात ठेवावे लागते, कारण अशा बाळाला अंगातील ऊब टिकवणे, श्वास नियमित घेणे आणि दूध ओढून गिळणे या तिन्ही गोष्टी पूर्णपणे जमत नाहीत. त्यासाठी तिला चंद्रपूरला हलवायचे होते. गडचांदूरहून चंद्रपूरकडे राजुऱ्यावरून जावे किंवा भोयगाववरून, वर्धा नदी ओलांडावीच लागते, आणि त्या रात्री नदीला पूर होता. पाणी उतरेपर्यंत रुग्णवाहिका चार तास थांबून राहिली. तरीही खासगी रुग्णालयात दाखल करून घेताना कागदावर ‘नातेवाइकांनी उशिरा आणले’ असा शेरा लिहिण्यात आला, आणि रुग्णवाहिका बोलावल्याची, निघाल्याची व पुलाअलीकडे थांबल्याची वेळ वहीत टिपलेली असताना, ती वही दाखवूनही तो शेरा बदलण्यात आला नाही. पालकांनी उशीर केला नव्हता, उशीर नदीने केला होता. म्हणून पहिला सल्ला असा की बाळ हलवताना प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवावी आणि दाखल करतानाचा कागद सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावा.

बाळाबरोबर वडील गेले, आई मात्र प्रसूतीच्या ठिकाणीच राहिली. ‘आईची इथे गरज नाही, तिला विश्रांती घेऊ द्या,’ असे रुग्णालयाकडून सांगितले गेले, आणि बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडू नये असे मानणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांना त्या वाक्याने आयते बळ मिळाले. आई चौथ्या दिवशी पोहोचली, तोवर जे व्हायचे ते झाले होते. स्तनातील दूध जितके बाहेर काढले जाते तितके नवे तयार होते. बाळ पिऊ शकत नसेल तर प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करून ते चोवीस तासांत किमान आठ वेळा, रात्रीसुद्धा, काढत राहावे लागते, नाही तर ते आटू लागते. पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, काही थेंबच असतो, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ते थेंब मोलाचे असतात, कारण आतड्याचा भाग सडवणारा एक घातक आजार डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या अशा बाळांत अधिक आढळतो. मुंबईतील शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती याच जाणिवेतून. हे ज्ञान इतके जुने असताना त्या चार दिवसांत आईला दूध काढण्याविषयी एकानेही एक शब्द सांगितला नाही, आणि बाळाला नळीने डब्याचे दूध देताना संमतीही विचारली नाही.

नवव्या दिवशी विभागाबाहेरच्या भेटीच्या वहीत सही करताना लेखकाची नजर वरच्या ओळींवर गेली. ‘भेटीस आलेल्याचे नाव’ या रकान्यात पत्नीचे नाव होते, ‘बाळाशी नाते’ या रकान्यात ‘आई’ असे लिहिलेले होते, आणि शेवटच्या रकान्यात वेळ होती: पाच ते सव्वापाच. सहा दिवसांच्या सहा ओळी त्याच अक्षरात, त्याच वेळेच्या. नऊ महिन्यांऐवजी सात-सव्वासात महिनेच जिच्या पोटात राहता आले, तिच्याजवळ बाळाला दिवसातून पंधरा मिनिटे, तीही काचेपलीकडून, दिली जात होती, आणि घरातील शिकलेल्या माणसांनी हा नियम निमूटपणे पाळला होता. याविषयी प्रमुख डॉक्टरांना विचारले असता ‘बाळ सुधारते आहे ना, मग तक्रार कशाची?’ एवढेच उत्तर मिळाले.

तक्रार कशाची होती, ते येथे सांगणे भाग आहे. बाळाला केवळ लंगोट व टोपी घालून आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीशी उभे, त्वचेला त्वचा लागेल असे बांधून ठेवण्याच्या पद्धतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या अपुऱ्या पडल्याने सुरू झाली. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केल्यास कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात असे दिसून आले. त्याहूनही जवळचे उदाहरण शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचे आहे. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून आणि आयांना सोबत घेऊन घरच्या घरी नवजातांची काळजी घेतली, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे काम प्रसिद्ध केले. ज्या वनप्रदेशाने आईच्या हातांचे मोल जगाला दाखवले, तेथून काही तासांच्या अंतरावर आईला अनावश्यक ठरवले जाते, हे दुखणे आहे. बाराव्या रात्री पाळीवरील एका सिस्टरने स्वतःच्या जबाबदारीवर बाळाला आईच्या छातीशी दिले, आणि सतत वाजणारा यंत्राचा इशारा त्या तासाभरात एकदाही वाजला नाही.

दुसरी चूक तर अंधत्वाकडे नेऊ शकली असती. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. जन्मानंतर त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन दृष्टी कायमची जाते. या विकाराला आरओपी म्हणतात, आणि ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. फारच लहान बाळांची त्याहूनही आधी. तेविसाव्या दिवशी हाती पडलेल्या सुटीच्या कार्डावर डोळ्यांचा उल्लेखच नव्हता. सत्ताविसाव्या दिवशी दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञांनी विचारले नसते, तर मुदत टळली असती. एकोणतिसाव्या दिवशी नागपूरला तपासणी झाली आणि डोळे निर्दोष निघाले, पण याचे श्रेय पहिल्या रुग्णालयाला जात नाही.

यावरून पालकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रुग्णवाहिकेत बाळाबरोबर आईलाही नेता येईल का, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे, आणि तिची प्रकृती आड येत असेल तर दूध काढणे त्याच दिवशी सुरू करावे. रोज तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहावीत: वजन किती, दूध किती मिलिलिटर आणि कोणते, श्वासाला आधार कोणता. सुटीच्या वेळी डोळे, कान आणि मेंदू यांच्या तपासणीची तारीख कार्डावर लिहून घ्यावी. लसी जन्मतारखेनुसार द्याव्यात, मात्र मान धरणे किंवा बसणे यांचे वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे. शासकीय रुग्णालयात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी अर्भकाचा उपचार आणि वाहतूक विनाशुल्क असते, हे दाखल करतानाच माहीत असावे. वैद्यकीय नोंदी मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करावी. हात स्वच्छ धुवावेत, नखे कापावीत, अफवांवर विश्वास ठेवू नये आणि धीर सोडू नये. घरी आल्यावर बाळ दूध ओढेनासे झाले, गार पडले किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

त्या शेऱ्याविषयी आणि त्या पंधरा मिनिटांविषयी लेखकाने रुग्णालयाला लेखी विचारणा केली. उत्तर आलेले नाही. मुलगी सुखरूप आहे, म्हणून प्रश्न मिटला असे अनेकांनी सुचवले. परंतु त्या वहीच्या पुढच्या पानांवर आजही दुसऱ्या कुणाची तरी आई ‘भेटीस आलेली’ म्हणून लिहिली जात असेल, तर प्रश्न मिटलेला नाही.